फुसका बार आणि शर्टाचं शेपूट

थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला टर्की अजून कापलीही नव्हती, तेवढ्यात हेटी क्रॅट्झरने जाहीर केलं की आपलं घराणं गेली चाळीस वर्षं मूर्खपणा करत आलंय.

"त्यातला कुठला?" पॅपने विचारलं आणि सुरीला धार लावत राहिला.

पॅप म्हणजे हेटीचा आजोबा, मर्ल क्रॅट्झर. त्याचा डावा कान बंदुकांच्या आवाजाने कधीच गेलेला, त्यामुळे नको ते ऐकायचं नसलं की तो डावी बाजू पुढे करायचा. आज मात्र उजवी बाजू होती.

"बंदुकीच्या दारूचा!" हेटीने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि बटाट्याच्या भांड्याला टेकवून उभा केला. "हे बघ. दर डिसेंबरला आपण इडा शेंकच्या दुकानातून तीच ती काळी दारू आणतो. महाग, घाणेरडी आणि कुजक्या अंड्यासारखी घाण मारणारी. एक बार टाकला की नळी घासत बसा. का आणतो? तर तुझ्या बापाने आणली म्हणून!"

टेबलापलीकडून लामार खुदकन हसला. लामार हा पॅपचा धाकटा भाऊ. त्याच्या शेजारी त्याची मुलगी ट्रूडी बसली होती. ट्रूडी ट्रक चालवायची, सगळा देश पालथा घातलेली बाई. जिभेची धार पॅपच्या सुरीपेक्षा चार बोटं जास्तच.

"कागदावर रंग पण भरलेत की," ट्रूडी म्हणाली. "शाळेत मार्क मिळणार आहेत का याला?"

"मिळाले," हेटी म्हणाली. "शंभरपैकी अठ्ठ्याण्णव."

हेटी सोळा वर्षांची होती. सप्टेंबरात ती शाळेच्या वादविवाद स्पर्धेत पहिली आली होती, आणि तेव्हापासून समोरच्याचं वाक्य आपणच पूर्ण करायची तिला सवय लागली होती. बरीचशी वाक्यं ती बरोबर पूर्ण करायची, हीच खरी पंचाईत होती.

कागदावर सहा प्रकारच्या दारूंची नावं होती आणि पुढे रकाने: किंमत, धूर, वास, साफसफाई, एका डब्यात किती बार. शेवटच्या ओळीला हेटीने लाल पेनाने गोल केला होता. ही काळ्या दारूच्या जागी वापरायची नवी दारू, लाल डब्यातली. मापाला माप तेवढीच घालायची. धूर कमी, वास जवळजवळ नाही, नळी नुसत्या पाण्याने साफ होते. आणि ऑक्टोबरचा शिकारीचा मोसम संपल्यामुळे इडा शेंककडे अर्ध्या किमतीत पडून!

पॅपने कागद हातात घेतला, लांब धरला, मग आणखी लांब धरला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "या वर्षी दारू तू आण."

लामारने काटा खाली ठेवला.

"मर्ल, पोरगी आहे ती अजून," तो म्हणाला. "दारू आणणाऱ्याचा नियम माहिताय ना तिला?"

"पाठ आहे मला नियम," हेटी म्हणाली.

नियम साधा होता. डोंगरावर क्रॅट्झरांची लाकडी झोपडी होती, तिला सगळे कॅम्प म्हणायचे. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी ठासणीच्या बंदुकांचा मोसम उघडायचा, आणि पेनसिल्व्हेनियात त्या मोसमात चकमकीवर चालणारी बंदूकच लागते, दुसरी चालत नाही. हरणावर बार टाकला आणि हरीण निसटलं, की बार टाकणाऱ्याच्या शर्टाचं मागचं शेपूट कात्रीने कापायचं आणि भिंतीवर खिळ्याने ठोकायचं. खाली नाव आणि साल. बंदूक उडालीच नाही, तर ज्याच्या हलगर्जीपणामुळे उडाली नाही त्याचं शेपूट जाणार. नळीचं भोक बुजलेलं असेल तर बंदूकवाल्याचं. दारू फुसकी निघाली तर दारू आणणाऱ्याचं.

भिंतीवर सत्तावीस शेपटं होती. त्यांतली अकरा एकट्या लामारची. लहानपणी हेटी झोपडीत बाकावर चढून ती मोजायची: दहा हिरवी, कारण लामार जन्मभर हिरवाच शर्ट घालत आला, आणि एक लाल-काळ्या चौकटींचं. ते मध्येच एक का असं तिने एकदा विचारलं होतं, तेव्हा लामार म्हणाला होता, "त्या वर्षी हिरवा धुवायला टाकला होता."

भिंतीवर ग्रॅमचं मात्र एकही शेपूट नव्हतं. ग्रॅम म्हणजे हेटीची आजी, आर्डिस. ती दोन वर्षांपूर्वी गेली. चाळीस मोसम ती कॅम्पात गेली, चाळीस मोसम तोच लाल-काळ्या चौकटींचा जाड लोकरी शर्ट घालून, आणि त्या शर्टाला कधी कात्री लागली नाही. घरात ही गोष्ट देवाच्या गोष्टीसारखी सांगितली जायची. या वर्षी तो शर्ट हेटीला मिळाला होता. बाह्या दोनदा दुमडाव्या लागायच्या, पण खांद्यावर बसला की हेटीला आपण चार इंच उंच झाल्यासारखं वाटायचं.

"विचार कर," ट्रूडी म्हणाली. "फुसका बार निघाला तर ग्रॅमच्या शर्टाला कात्री. आणि कात्री माझ्याकडे असते."

"ट्रूडी," हेटी म्हणाली, "कात्रीला तेल घालून ठेव. गंजेल बिचारी."

*

इडा शेंकच्या दुकानात पॅप दाराजवळच्या शेगडीपाशी गुडघा शेकत बसला आणि पैसे देण्यापुरता आपण आहोत असं त्याने सांगून टाकलं. हेटी गल्ल्याशी गेली.

शेंकबाई साठीच्या होत्या. गल्ल्यामागच्या फळीवर डबे मांडलेले, प्रत्येकावर त्यांच्या हाताने लिहिलेली किंमत.

"ती कोपऱ्यातली किती स्वस्त आहे!" हेटीने बोट दाखवलं. "ही तर माझ्या यादीतच नाही."

"आणि येऊ पण नको देऊस. ती काडतुसांची आहे, बिनधुराची. ठासणीच्या बंदुकीत घातलीस तर बार एकदाच होईल. त्यात बंदूक जाईल, डोळा जाईल आणि ही तुझी टकळी पण कायमची बंद होईल."

"माहितीये मला! मी फक्त किंमत म्हटलं. मला लाल डबा पाहिजे. दोन."

शेंकबाईंनी लाल डबा उचलला, पण पुढे सरकवला नाही. "कुठल्या बंदुकीसाठी गं? म्हणजे मर्लची तर—"

"पॉइंट पन्नासच्या नळीची! एका डब्यात पंचाहत्तर बार होतात, मी मोजलंय."

"ते झालं. पण चकमकीला ही—"

"मापाला माप घालायची, वजन नाही करायचं. डब्यावरच लिहिलंय. वाचलंय मी."

"वाचलंस ते बरं केलंस," शेंकबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवला. "मागच्या बाजूला बारीक अक्षरात—"

"साफसफाईबद्दल! पाण्याने! तेच तर मला आवडलं!"

शेंकबाईंनी एकदा हेटीकडे बघितलं, एकदा शेगडीकडे बघितलं. शेगडीपाशी पॅपने डावा कान पुढे केला होता.

"मर्ल!" त्या ओरडल्या. "ही म्हणेल ते देऊ ना?"

"दे, दे! यंदा तीच मालकीण!"

शेंकबाईंनी डबे पिशवीत घातले. मग खाली वाकून त्यांनी गल्ल्याखाली काहीतरी ठेवलं, कागदाच्या चिटोऱ्यावर दोन शब्द लिहिले आणि चिटोरा त्यावर चिकटवला. हेटीने ते पाहिलं, पण तिला कुठे वेळ होता? उरलेले पैसे पॅपच्या हातावर ठेवताना तिचा चेहरा असा काही उजळला होता, जणू तिने राज्याची तिजोरीच वाचवली.

नुसतं आणून ठेवणाऱ्यातली हेटी नव्हती. तिने दारूची परीक्षाही घेतली. पॅपच्या कपाटात दोन प्रकारच्या ठासणीच्या बंदुका होत्या. एक चकमकीची: घोडा ओढायचा, चाप दाबला की गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी पडते. दुसरी टोपीची, जिला तांब्याची छोटी टोपी लावायची आणि तिच्यावर घोडा आपटला की थेट जाळ आत जातो. चकमकीची काढायची म्हणजे गारगोटी बसवा, कातड्यात घट्ट करा, कोण करत बसणार? बंदूक ती बंदूक. हेटीने टोपीची घेतली. पॅप मागे उभा, समोर शेतातली मातीची भिंत, त्यावर कागदी ताट. तीन बार टाकले, तिन्ही खणखणीत. ताटाला तीन भोकं, एकाला एक लागून.

"वास नाही याला," पॅप नाक वर करून म्हणाला.

"तेच तर!"

"वास नसला की मला घर सोडून आल्यासारखं वाटतं."

हेटीने कागदावर सहाव्या ओळीपुढे एक चांदणी काढली.

*

सव्वीस डिसेंबरची सकाळ. घोट्याएवढं बर्फ, वारा नाही, हेमलॉकच्या झाडांच्या फांद्या खाली वाकलेल्या. पॅप गुडघ्यामुळे झोपडीतच राहिला, डुकराचं मांस आणि आंबट कोबी शिजवायला. ट्रूडी खालच्या झुडपांतून हरणं हाकत वर येणार होती, आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला दोन ओंडक्यांमागे दोघं बसले होते: लामार एकाशी, चाळीस पावलांवर दुसऱ्याशी हेटी.

निघण्याआधी सगळ्यांनी लाल डब्यातून आपापली बंदूक भरली होती. मापाने दारू, चिंधीत गुंडाळलेली गोळी, वरून गजाने ठासणी. नळीशेजारच्या छोट्या वाटीत टाकायची बारीक दारू, म्हणजे रंजक, तेवढी लामारच्या जुन्या शिंगातली होती, कारण ती चिमूटभर लागते आणि शिंग गेल्या वर्षीचं अर्धं भरलेलं होतं. ती नवीन कशाला आणायची? हेटीने तोही खर्च वाचवला होता.

झुडपं हलली. तीन माद्या बाहेर आल्या, पुढची अगदी लामारच्या समोर. लामारने बंदूक खांद्याला लावली. ठिणगी पडली, वाटीतली रंजक फुस्सकन उडाली, धुराचा एक छोटा गोळा वर गेला.

आणि मग काहीच नाही.

लामार तसाच, बंदूक समोर रोखून, श्वास धरून बसला. माद्या क्षणभर थांबल्या, जणू पुढे काय होतंय ते बघायला, आणि मग पांढऱ्या शेपट्या उडवत गेल्या.

"च्यायला!" लामारचा आवाज ओढ्यापलीकडे गेला.

खालून ट्रूडीचं हसू आलं. "बाबा! भोक साफ केलं होतं का?"

"केलं होतं!"

"गेल्या वर्षी पण केलं होतं! आणि त्याच्या आदल्या वर्षी पण!"

हेटीही पोट धरून हसली. लामारची बंदूक न उडणं म्हणजे ख्रिसमसनंतर सव्वीस तारीख येण्याइतकंच ठरलेलं. लामार पुटपुटत झोपडीकडे गेला, ट्रूडी दुसऱ्या अंगाने फिरायला गेली, आणि हेटी एकटी बसून राहिली.

तासाभराने हेमलॉकच्या आडून एक मादी आली. वीस पावलं. हेटीने गाल बंदुकीच्या दस्त्याला टेकवला. तिने घोडा ओढला, नेम धरला, चाप दाबला.

फुस्स.

मादीने मान वर केली. हेटी हलली नाही, नळी समोर धरूनच मनात साठपर्यंत मोजलं. मादीने एक पाऊल पुढे टाकलं आणि नाक फेंदारून हेटीकडे असं काही पाहिलं की हेटीला वर्गातल्या सर्वात शहाण्या मुलीची आठवण झाली, म्हणजे स्वतःचीच. मग ती निघून गेली.

हेटीने सुईने भोक टोचलं. स्वच्छ होतं. काल रात्री तिने स्वतः फुंकर घालून पाहिलं होतं. पुन्हा रंजक टाकली, समोरच्या कुजलेल्या खोडावर नेम धरला. फुस्स. गारगोटी पुसली, पुन्हा टाकली. फुस्स. जाळ होत होता, भोकातून आत जात होता, आणि आतली दारू ढिम्म. जसं काही थंडीत कोणी दार वाजवतंय आणि आतला माणूस पांघरूण ओढून घेतोय.

तेव्हा कुठे तिला शेंकबाईंचं वाक्य ऐकू आलं. एक महिना उशिरा, पण स्पष्ट. *चकमकीला ही.* चकमकीला ही पेटत नाही! टोपीचा जाळ मोठा, त्याला ही दारू दाद देते. चकमकीच्या इवल्याशा जाळाला काळी दारूच लागते, ती घाणेरडी, कुजक्या अंड्याची. कागदावर सहा ओळी होत्या, पाच रकाने होते, रंग होते, चांदणी होती. फक्त पेट कशाने घेते हा रकाना नव्हता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हेटीने आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. तिची बंदूक तीनदा फुसकली हे त्या मादीशिवाय कुणालाही माहीत नव्हतं, आणि मादी काही झोपडीत येऊन सांगणार नव्हती.

*

झोपडीत कोबीचा आंबट वास भरला होता. मधल्या बाकावर लामार बसला होता, अंगात नवाकोरा हिरवा शर्ट. ट्रूडीनेच ख्रिसमसला दिलेला, घडीच्या रेघा अजून तशाच. ट्रूडी कात्री उघडून-मिटून बघत होती.

"बारावं," पॅप पळी हलवत म्हणाला. "लामार, डझन झालं की तुला काहीतरी बक्षीस द्यायला पाहिजे."

"निदान पुढच्या वर्षी शर्ट बिनशेपटाचा घे रे," ट्रूडी म्हणाली. "माझे पैसे तरी वाचतील."

"मी भोक साफ केलं होतं," लामार म्हणाला, पण त्याच्या आवाजात दम नव्हता. इतक्या वेळा ते खोटं निघालं होतं की आता त्याचा त्यालाच विश्वास वाटेना. त्याने स्वतःच शर्टाचं मागचं टोक विजारीतून बाहेर ओढलं आणि ट्रूडीकडे पाठ केली. "काप. हात कापू नको म्हणजे झालं."

हेटी दारात उभी होती. कोटाच्या आत ग्रॅमचा शर्ट पाठीला ऊब देत होता. चाळीस मोसम. एकही चीर नाही. लामारची तर अकरा होती, बारा झाली म्हणून काय बिघडलं? कोणी विचारलं तर दारू दमट झाली म्हणता येईल. उद्या शेंकबाईंकडे गुपचूप जाता येईल. वादविवादात ती जिंकली होती तेव्हा याहून लंगड्या बाजूने बोलली होती.

कात्रीची दोन पाती हिरव्या कापडाला लागली.

"थांब," हेटी म्हणाली.

"काय गं?" ट्रूडीने मान वळवली.

"भोक साफ होतं त्याचं. दारूच पेटत नाहीये. माझी पण तीनदा नाही उडाली. एक मादी तर वीस पावलांवर उभी राहून माझं तोंड बघून गेली." हेटीने एका दमात सांगून टाकलं. "ही दारू टोपीच्या बंदुकीला चालते, चकमकीला नाही. इडा शेंक मला सांगत होत्या. मी सांगू दिलं नाही."

पॅपने पळी भांड्यात सोडली. त्याचा उजवा कान पुढे होता.

"कितीदा सांगत होती?"

"तीनदा."

"हं," पॅप म्हणाला. "तुझ्या आजीला चार वेळा सांगायला लागायचं."

लामार बाकावरून उठला आणि त्याने शर्ट पुन्हा आत खोचला. "बघा! बघा! साफ होतं! चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूने बोललं!" मग त्याला हेटीचा चेहरा दिसला आणि त्याचा उत्साह मावळला. "जाऊ दे गं. माझं कापा. एवढ्यांत एक. तो आर्डिसचा शर्ट आहे."

"नियम तो नियम," हेटी म्हणाली. तिने कोट काढला, ट्रूडीकडे पाठ केली आणि डोळे गच्च मिटले. "लवकर काप. मी बडबड सुरू करायच्या आत."

मागे काहीच हललं नाही. कात्रीचा आवाज आला नाही.

"ट्रूडी?"

"अगं," ट्रूडी म्हणाली, "हे तर आधीच कापलंय."

हेटीने डोळे उघडले. ट्रूडीने शर्टाचं टोक उलटं करून खिडकीच्या उजेडाला धरलं होतं. आतून एक शिवण होती, बारीक, सुबक, लाल दोऱ्याची. वरच्या चौकटी आणि खालच्या चौकटी जुळवल्या होत्या, पण एका जागी काळी रेघ केसभर चुकली होती. शर्टाचं शेपूट दुसऱ्या कापडाचं होतं.

सगळ्यांच्या माना एकदम भिंतीकडे वळल्या. दहा हिरवी, एक लाल-काळं. खाली नाव लामार क्रॅट्झर.

पॅप कोबीकडे बघत राहिला. लामार छताकडे.

"अंकल लामार," हेटी हळूच म्हणाली, "हिरवा धुवायला टाकला होता ना?"

"मर्ल, तू सांग," लामार म्हणाला.

"मला कशाला मध्ये घेतोस? गुपित तुझं आणि तिचं. मी फक्त ऐकू न येणारा माणूस."

लामारने दाढी खाजवली. "लग्नानंतरचा तिचा पहिला मोसम. आमच्या बापाला बायका कॅम्पात आलेल्या खपायच्या नाहीत. आर्डिस आम्हा दोघा भावांनाच म्हणाली, दारू मी आणते, मग तर न्याल मला? आणि आणली की! निम्म्या किमतीत! चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाला, तोफ उडवणारा एक म्हातारा होता, त्याच्याकडून."

"तोफेची दारू?" ट्रूडी किंचाळली.

"मक्याच्या दाण्याएवढे दाणे! बार म्हणजे काय, बंदूक आधी विचार करायची, मग खोकायची, मग गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडून पायापाशी. आमचा बाप लालबुंद. कोणी आणली? मी म्हटलं, मी आणली. कारण तिचं नाव सांगितलं असतं तर तिला पुन्हा येऊ दिलं नसतं. मी शर्ट काढायला लागलो तर ही वहिनी ऐकेना. म्हणाली, चूक माझी, शेपूट माझं, नाव हवं तर तुझं लाव. बापाला लाल-हिरव्यातला फरक कळायचाच नाही, त्याने तुकडा ठोकला आणि खाली माझं नाव लिहिलं."

"आणि पुढची एकोणचाळीस वर्षं?" हेटीने विचारलं.

"पुढची एकोणचाळीस वर्षं तिने एकही हरीण चुकवलं नाही. भीतीने."

झोपडीत एकदम हशा उसळला. पॅपचे डोळे हसता हसता भरून आले आणि त्याने ते कोबीच्या वाफेवर ढकलले.

हेटीने शर्टाचं टोक ट्रूडीच्या हातात दिलं. "शिवणीच्या वरून काप. निदान तेवढं तरी खरं ग्रॅमचं कापड असू दे."

कर्र. पाठीला गार वारा लागला. हेटीनेच हातोडी घेतली, खिळा ठोकला आणि खाली लिहिलं: हेटी क्रॅट्झर, दारू. मग तिने बाकावर चढून जुन्या लाल-काळ्या तुकड्याखालचं नाव खोडायला पेन उचललं.

"ए, ए!" लामार ओरडला. "ते माझं आहे! अकराचा विक्रम आहे माझा! काढलंस तर दहाच उरतील!"

"मग आर्डिस लिहू की नको?"

लामारने बराच विचार केला. "दोघांचं लिही," तो म्हणाला. "तिचं वर."

*

दुपारी हेटी आणि ट्रूडी खाली गावात गेल्या. शेंकबाईंनी हेटीला दारातून येताना पाहिलं आणि काही न बोलता गल्ल्याखालून काळ्या दारूचा एक डबा वर काढला. त्यावरच्या चिटोऱ्यावर लिहिलं होतं: *हेटीसाठी. येईल.*

"आज सकाळी बाकीचे सगळे डबे गेले," शेंकबाई म्हणाल्या. "हा मी एक महिना पायाशी घेऊन बसलेय."

हेटीने तोंड उघडलं. मग मिटलं. मग शेंकबाई बोलून संपेपर्यंत थांबली. त्या लाल डब्यांबद्दल बोलल्या (ऑक्टोबरपर्यंत कोरडे ठेव, टोपीच्या बंदुकीला वापर, वाया काही जात नाही), किमतीबद्दल बोलल्या (पूर्ण, एक पैसा कमी नाही), शेवटी आर्डिसबद्दल बोलल्या (ती पण अशीच, अर्धं ऐकून पळायची). एवढा वेळ गप्प बसल्याने हेटीचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा ओंडक्यामागे बसली. काळी दारू, ताजी रंजक, धुतलेली गारगोटी. खालून ट्रूडीने हाकलेला एक नर बाहेर आला, सहा टोकांची शिंगं, तीस पावलं, अगदी आडवा उभा. हेटीने चाप दाबला.

आणि काय बार झाला! ठिणगी, रंजक, बार, सगळं एका ठोक्यात. डोंगर दणाणला, कुजक्या अंड्यांचा जाड पांढरा ढग पसरला, आणि हेटी त्या ढगात उभी राहून आनंदाने ओरडली, कारण जगात याहून सुंदर वास नव्हता.

धूर विरला. नर नव्हता. बर्फावर रक्त नव्हतं. फक्त जिथे त्याचं डोकं होतं तिथून हातभर उंचावरची हेमलॉकची एक फांदी स्वच्छ तुटून पडली होती.

लामार शेजारच्या ओंडक्यावरून उठून आला. त्याने फांदी पाहिली, हेटीला पाहिलं, तिच्या पाठीमागे जाऊन शर्टाची कापलेली किनार पाहिली.

"मागचं तर संपलं," तो म्हणाला. मग तो फिरून पुढे आला आणि हळूच खाली बघितलं. "पण पुढचं अजून शाबूत आहे की."

झुडपांतून ट्रूडी वर येत होती. तिच्या कोटाच्या खिशातून काहीतरी चकाकलं.

हेटीने शर्टाचं पुढचं टोक विजारीत खोचलं, बंदूक उचलली आणि घोटाभर बर्फातून, खदखदा हसत, झोपडीच्या दिशेने धूम ठोकली.